भिंतीतल्या सॉकेटला कुलूप कसं लावायचं?

मागच्या व्याख्यानाच्या शेवटी एक चिठ्ठी आली होती. "हडपसरला आमचं छोटं ऑफिस आहे. कुणीही येऊन भिंतीतल्या सॉकेटला लॅपटॉप जोडला की आमच्या नेटवर्कमध्ये शिरतो. साध्या स्विचवर हे अडवता येतं का?"

मगरपट्ट्यातल्या मोठ्या कंपन्यांकडे या कामाला वेगळी माणसं असतात. मी बोलतोय ते औद्योगिक वसाहतीतली वर्कशॉपं, सीएंची ऑफिसं, दवाखाने, पतसंस्था यांच्याबद्दल. तिथे टेबलाखाली धूळ खात पडलेला आठ पोर्टचा डबा असतो. तो 'अनमॅनेज्ड' असेल, म्हणजे त्याला सेटिंगचं पानच नसेल, तर चिठ्ठीचं उत्तर सरळ 'नाही' असं आहे.

का नाही, ते बघा. प्रत्येक नेटवर्क कार्डाला 48 बिटांचा एक मॅक पत्ता असतो. बारा आकडे-अक्षरं, त्यातली साधारण पहिली सहा बनवणाऱ्या कंपनीची. कुठल्या पोर्टवरून कुठला पत्ता बोलला, हे स्विच आपल्या तक्त्यात टिपून ठेवतो, आणि तो पत्ता बराच वेळ, बहुतेक स्विचमध्ये पाचेक मिनिटं, गप्प राहिला की खोडून टाकतो. पोस्टमनचं कसं असतं? कुठल्या घरात कोण राहतं हे त्याला पाठ असतं. पण त्या घरात राहायची परवानगी आहे का, हे तो विचारत नाही. स्विचचंही तेच.

थोडे जास्त पैसे दिले की 'स्मार्ट' स्विच मिळतो. याला सेटिंगचं पान असतं. इथे पहिलं काम कुठलं? लोक लगेच मॅक पत्त्यांची यादी करायला बसतात. माझ्या मते आधी वापरात नसलेले पोर्ट बंद करा. फुकटचं काम आहे, आणि बंद पोर्टला फसवता येत नाही.

मग यादी. अनेक स्मार्ट स्विचमध्ये एका पोर्टवर किती पत्ते चालतील याची मर्यादा घालता येते, काहींत ठरावीक पत्ता पोर्टला बांधता येतो. मर्यादा एक ठेवली की त्या सॉकेटवर कुणी दुसरा छोटा स्विच लावून चार मशीन चालवायला गेला तर अडकतो. पण एक लक्षात घ्या, मॅक पत्ता लॅपटॉपवर हवा तसा बदलता येतो. तुमच्या प्रिंटरच्या मागे स्टिकरवर त्याचा पत्ता छापलेला असतो, बरं का! तो बघून घ्यायचा, प्रिंटरची वायर काढायची आणि आपल्या लॅपटॉपला लावायची, की स्विचच्या लेखी तो प्रिंटरच. म्हणजे ही कडी आहे, कुलूप नाही. सहज आलेला माणूस अडतो, ठरवून आलेला अडत नाही.

म्हणून खरा भर व्हीलॅनवर द्या. एकाच स्विचचे आतून वेगळे कप्पे. गेटवरच्या कॅमेऱ्याचं उदाहरण घ्या. त्याची वायर इमारतीबाहेर लोंबकळत असते. कॅमेरा काढून तिथे लॅपटॉप लावला आणि सगळं एकाच कप्प्यात असेल, तर तो माणूस रस्त्यावर उभं राहून तुमच्या हिशेबाच्या मशीनपर्यंत पोचला. कॅमेरे आणि त्यांचा रेकॉर्डर एका व्हीलॅनमध्ये, हिशेब दुसऱ्यात. मात्र राउटरनेच दोन्ही कप्पे परत जोडून दिले नाहीत ना, हे तपासा.

खरं कुलूप म्हणजे 802.1एक्स, 2001 सालचं मानक. त्यात मशीनला आधी ओळख पटवावी लागते. पण त्यामागे सर्व्हर लागतो, आणि जुन्या प्रिंटरांना ते कळत नाही. दहा मशीनच्या ऑफिसाला मी आग्रह करणार नाही.

पतसंस्थावाल्यांना कॉसमॉस बँक आठवेल. ऑगस्ट 2018, सुमारे 94 कोटी रुपये गेले. तो मालवेअरचा मामला होता, आणि बातम्यांतला 'एटीएम स्विच' म्हणजे आपला हा डबा नव्हे. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी जी मूलभूत चौकट दिली, त्यात उपकरणांची नोंदवही ठेवा आणि नेटवर्क उपकरणांचे मूळ पासवर्ड बदला, हे दोन्ही आहे. स्विचचा पासवर्ड अजून 'अ‍ॅडमिन'च असेल तर मघापासून सांगितलेलं सगळं कुणीही दोन मिनिटांत उलटवेल.

हे काम शनिवारी संध्याकाळी, ऑफिस रिकामं असताना करा. कुठली वायर कुठे जाते ते आधी कागदावर लिहा, नाहीतर स्वतःच बाहेर अडकाल. आणि उद्या एखाद्या मशीनचं कार्ड बदललं की ते मशीन बंद पडल्यासारखं दिसेल. तेव्हा यादी बदलायची कुणी, ते नाव आजच ठरवून टाका.