वाढीव वॉरंटी घ्यावी का? झाशीतला हिशेब

गाडीची वाढीव वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. अपघात, चोरी, पूर यांची भरपाई विम्यातून मिळते. वॉरंटीतून मिळतो तो मुळातल्या दोषामुळे बिघडलेल्या भागाचा खर्च, आणि तोही ठरलेली वर्षं किंवा किलोमीटर यांपैकी जे आधी संपेल तोवरच. मारुती सुझुकीने जुलै २०२४मध्ये मूळ वॉरंटी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरवर नेली. जादा पैसे भरून ती ६ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरपर्यंत वाढवता येते.

झाशीहून ग्वाल्हेर सुमारे १०० किलोमीटर. नोकरीसाठी रोज ये-जा करणाऱ्याची गाडी वर्षातल्या २५० दिवसांत ५०,००० किलोमीटर धावते. तिची मूळ वॉरंटी दोन वर्षांतच संपते आणि वाढीव मुदतही सव्वातीन वर्षांच्या आत. त्याने सहा वर्षांकडे न पाहता हाती येणाऱ्या ६०,००० किलोमीटरांची किंमत करावी. सीपरी बाजार, सदर बाजार आणि सुटीत ओरछा एवढंच फिरणाऱ्याची गाडी वर्षाला ८,००० किलोमीटर धावली, तर त्याला सहाही वर्षं पुरी मिळतात.

साधं पेट्रोल इंजिन आणि मॅन्युअल गिअर असेल तर वाढीव वॉरंटीची निकड कमी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स किंवा टर्बो असेल तर ती घेणंच शहाणपणाचं, कारण एकच भाग बदलायचा खर्च वॉरंटीच्या रकमेच्या कितीतरी पट होऊ शकतो. बुंदेलखंडात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, एसीवर मोठा ताण येतो. म्हणून यादीत कॉम्प्रेसर आहे का, हे आधी पाहावं. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर असे झिजणारे भाग सहसा वगळलेले असतात. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला महामार्गावरचा सलग वेग लागतो. गाडी फक्त गावातच फिरवून फिल्टर तुंबला, तर कंपनी तो वापराचा परिणाम मानून खर्च नाकारू शकते.

शोरूममध्ये गाडी घेतानाच निर्णय करायची सक्ती नसते. मूळ मुदत संपेपर्यंत वाढीव वॉरंटी बहुधा मिळते, मात्र उशिराने किंमत चढते. ती कंपनीची आहे की विक्रेत्याची, हे लेखी पाहून घ्यावं. कंपनीची असेल तर पुण्याला निघालेली गाडी वाटेत बिघडली तरी तिथल्या अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते. सर्व्हिसिंग वेळेवर आणि अधिकृत ठिकाणीच करून सगळी बिलं जपावीत. बाहेरून वायरिंग कापून दिवे किंवा म्युझिक सिस्टीम बसवली, तर दावा अडकू शकतो.

दावा अन्यायाने नाकारला गेला, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. गाडी दिल्लीत घेतलेली असली तरी झाशीत राहणाऱ्याला झाशीच्याच जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं.