आजीच्या यंत्रास समजेल अशी तबकडी

मुलाची मुंज, मुलीचें लग्न, वडिलांची सहस्रचंद्रदर्शनशांति, कुलस्वामिनीचें दर्शन, हे आपल्या घरांतील प्रसंग एके काळीं केवळ माणसांच्या स्मरणांत राहत असत. पुढें ते फोटोंच्या आल्बमांत जाऊन बसले, आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्यांना हालतें-बोलतें रूप मिळालें. बीड जिल्ह्यांतील अंबाजोगाईची श्रीयोगेश्वरी ही चित्पावनांच्या कित्येक कुळांची कुलस्वामिनी. तिच्या दर्शनास कोंकणांतून, पुण्या-मुंबईहून आणि आतां परदेशांतूनहि कुटुंबें येतात, तीं ओटीच्या साहित्याबरोबर चित्रें घेण्याचें साधनहि घेऊन येतात. घरच्या ज्या वडीलधाऱ्यांना प्रकृतीमुळें प्रवास झेपला नाहीं, त्यांच्यासाठीं त्या यात्रेचा व्हिडिओ तबकडीवर उतरवून पाठवावा, अशी इच्छा होणें अगदीं स्वाभाविक आहे. मोबाईलच्या चार बोटांच्या कांचेवर वृद्ध डोळ्यांना नातवंडांचे चेहरे नीट दिसत नाहींत. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर ते दिसतात, आणि त्याखालचा डीव्हीडी प्लेअर एक बटण दाबलें कीं चालूं लागतो.

परंतु येथेंच पुष्कळदां विघ्न येतें. तबकडी घरीं येते, शेजारचीं चार माणसें जमतात, प्लेअर ती आंत ओढून घेतो, क्षणभर घरघरतो आणि ती वाचतां येत नाहीं अशा अर्थाचीं अक्षरें पडद्यावर उमटवून स्वस्थ बसतो. तीच तबकडी कॉम्प्युटरवर घातली तर उत्तम दिसते! मग प्लेअरच बिघडला असा निकाल देऊन त्याची रवानगी माळ्यावर होते. आमचें म्हणणें असें कीं, अशा वेळीं दोष बहुधा यंत्राचा नसतो व तबकडीचाहि नसतो. तो पाठविणारानें केलेल्या भाषांतराचा असतो. हें भाषांतर म्हणजे काय, व तें नीट कसें करावें, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

चित्र आंखडण्याची युक्ति

आपल्या देशांत दूरचित्रवाणीसाठीं ‘पाल’ ही पद्धति स्वीकारलेली होती, व आपल्याकडच्या डीव्हीडी त्याच मापाच्या असतात. तींत एका चित्राच्या आडव्या ओळींत ७२० बिंदु आणि अशा ५७६ ओळी असतात. म्हणजे एका चित्रांत ४,१४,७२० बिंदु झाले. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास २४ बिट धरले आणि एका सेकंदांत अशीं २५ चित्रें दाखविलीं, तर दर सेकंदास २४ कोटी ८८ लाख बिट लागतात. साध्या डीव्हीडीवर ४७० कोटी बाईट, म्हणजे ३,७६० कोटी बिट मावतात. भागाकार करून पाहिल्यास असें दिसतें कीं, चित्रें होतीं तशींच ठेवलीं तर सगळी तबकडी अवघ्या अडीच मिनिटांत भरून जाईल. अडीच मिनिटांत मंगलाष्टकेंहि संपत नाहींत!

ही अडचण सोडविण्यासाठीं १९८८ सालीं आंतरराष्ट्रीय मानकसंस्थांच्या आश्रयाखालीं तज्ज्ञांचें एक मंडळ स्थापन झालें. इटलीचे लिओनार्दो क्यारिग्लिओने व जपानचे हिरोशी यासुदा हे त्याचे संस्थापक. ‘एमपेग’ हें त्या मंडळाचें संक्षिप्त नांव होय. त्याचें पहिलें मानक १९९३ सालीं प्रसिद्ध झालें व तें व्हिडिओ सीडीस उपयोगी पडलें. दुसरें १९९५ सालीं आलें व डीव्हीडी त्यावर उभी राहिली.

या मंडळानें योजलेली युक्ति घरगुती उदाहरणानें चटकन् समजेल. आजोबा पाटावर बसून संध्या करीत आहेत. मागची भिंत, पाट व पळीपंचपात्र हीं जागचीं हालत नाहींत. हालतो तो फक्त त्यांचा हात. तेव्हां एक चित्र पूर्ण लिहावें आणि पुढच्या चित्रांत बदल झाला असेल तेवढाच नोंदावा. पूर्ण लिहिलेल्या चित्रास ‘आय’, मागच्यावरून बदल सांगणाऱ्यास ‘पी’ आणि मागच्या व पुढच्या अशा दोन्ही चित्रांचा आधार घेणाऱ्यास ‘बी’ अशीं नांवें आहेत. शिवाय आपल्या डोळ्यांस प्रकाशांतील भेद जितका बारकाईनें कळतो तितका रंगांतील कळत नाहीं, म्हणून रंगाची नोंद थोडी ढोबळ ठेवितात. असा काटकसरीचा संसार केल्यावर त्याच तबकडीवर अडीच मिनिटांच्या जागीं दोन तासांचा समारंभ सुखानें मावतो.

यंत्राचा सोंवळेपणा

आतां कॉम्प्युटर आणि प्लेअर यांच्या स्वभावांतील भेद पाहूं. कॉम्प्युटर हा प्रवासी माणूस आहे. नवी भाषा आली कीं तो नवा दुभाषा ठेवून घेतो. डीव्हीडी प्लेअर हा सोंवळ्यांतील वृद्ध गृहस्थाप्रमाणें आहे. त्याच्या आंतील चकतीवर जे नियम कारखान्यांतच कोरले गेले, त्यांपलीकडचें कांहींहि त्याला चालत नाहीं. हट्टीपणा म्हणून त्याला नांवें ठेवण्यांत अर्थ नाहीं. नियम थोडे आहेत. ते पाळले कीं तो वर्षानुवर्षें बिनतक्रार चालतो.

पहिला नियम मापाचा. चित्र ७२० गुणिले ५७६ असावें, अथवा ठरवून दिलेल्या लहान मापांपैकीं एक असावें. मोबाईलनें घेतलेलें मोठें चित्र तसेंच चालत नाहीं. मोबाईल उभा धरून घेतलेल्या चित्राच्या दोन्ही बाजूंस काळी पट्टी सोडावी. तें ताणून बसविल्यास सडपातळ माणसेंहि लठ्ठ दिसतात. चित्राची रुंदी व उंची यांचें प्रमाण ४:३ आहे कीं १६:९ आहे, याची खूण फाइलींत बरोबर घालावी. जुन्या टीव्हीच्या पडद्यामागें चित्राच्या कडा थोड्या झांकल्या जातात, म्हणून नांवें व तिथि अगदीं कडेला लिहूं नयेत.

दुसरा नियम कालाचा. पालमध्यें सेकंदास नेमकीं २५ चित्रें लागतात. मोबाईल बहुधा ३० च्या आसपास घेतो, आणि तेंहि प्रकाशाप्रमाणें कमीजास्त करतो. तें एकसारखें करून न घेतल्यास ओंठ आधीं हालतात व मंत्र मागून ऐकूं येतो. तसेंच दोन पूर्ण चित्रांमध्यें पंधरांहून अधिक चित्रांचें अंतर पडूं देऊं नये. कॉम्प्युटरसाठीं केलेल्या फायलींत हें अंतर कित्येकदां अडीचशेंपर्यंत असतें.

तिसरा नियम आवाजाचा. आवाजाचे नमुने सेकंदास ४८,००० असावेत. गाण्यांच्या सीडीचे ४४,१०० येथें चालत नाहींत. एमपी३ हा आवाज कितीहि लोकप्रिय असला तरी डीव्हीडीच्या नियमांत त्याला स्थान नाहीं. एसी-३ हा प्रकार सर्वत्र चालतो.

चौथा नियम ओळींच्या क्रमाचा. जुन्या कॅमेऱ्यांचें प्रत्येक चित्र दोन अर्ध्या चित्रांचें असे: एकांत विषम ओळी, दुसऱ्यांत सम ओळी. डीव्ही कॅसेटच्या कॅमेऱ्यांत खालच्या ओळींचें अर्धें आधीं येतें. हा क्रम उलटा नोंदला गेला तर स्थिर चित्र निर्दोष दिसतें, पण आरतीचें ताट फिरूं लागलें कीं तें दर क्षणीं पुढें जाऊन मागें येत असल्यासारखें थरथरतें.

बिटांचा जमाखर्च

सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न असतो तो खर्चाचा. डीव्हीडीच्या चित्रास दर सेकंदास ९८ लाख बिटांहून अधिक घेतां येत नाहींत. घरीं कोरलेल्या तबकडीसाठीं आमची सूचना अशी कीं, ही मर्यादा ८० लाखांवरच थांबवावी. कारण जुन्या प्लेअरला अशी तबकडी वाचणें कारखान्यांतील तबकडीपेक्षां जड जातें व तो अडखळतो.

आतां हिशेब करूं. समारंभ दोन तासांचा, म्हणजे ७,२०० सेकंदांचा असेल, तर ३,७६० कोटींस त्यानें भागून सेकंदास सुमारे ५२ लाख बिट मिळतात. त्यांतून आवाजास सव्वादोन लाख आणि तबकडीच्या अनुक्रमणिकेसाठीं थोडी जागा सोडली, म्हणजे चित्रास सरासरी ४८ लाख उरतात. एवढ्यांत चित्र चांगलें येतें. तीन तास घातले तर चित्रास जेमतेम ३२ लाख उरतात. तेव्हां रुंदी ३५२ बिंदूंवर आणावी, हें मापहि नियमांत बसतें. चार-पांच तास एकाच तबकडीवर कोंबण्यापेक्षां दोन तबकड्या कराव्या. दहा रुपयांची बचत करण्यासाठीं कन्यादान धुरकट करण्यांत शहाणपणा नाहीं.

बिटांची वांटणी सर्व क्षणांस सारखी करूं नये. वधूवर समोरासमोर स्थिर उभे असतात तेव्हां थोडक्यांत भागतें. पण शेवटचें ‘सावधान’ होऊन अक्षता उडाल्या कीं पडद्यावरील प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेनें धांवतो, आणि मागच्या चित्रावरून पुढचें सांगण्याची युक्ति तेवढ्यापुरती निष्फळ होते. निष्काळजीपणानें केलेल्या तबकडीवर नेमक्या त्याच क्षणीं चेहऱ्यांचे चौकोनी तुकडे पडतात. यावर उपाय म्हणजे ‘दोन फेऱ्यांची’ पद्धति. पहिल्या फेरींत कॉम्प्युटर सगळा समारंभ पाहून कोठें किती गरज आहे तें टिपतो. दुसऱ्या फेरींत त्याप्रमाणें वाढतो. पानें किती हें आधीं मोजून मग जिलबी वाढणाऱ्या गृहिणीला ही रीत समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

हें सर्व आंकडे पाठ करण्याची आवश्यकता नाहीं. ‘एफएफएमपेग’ या विनामूल्य साधनास ‘पाल-डीव्हीडी’ असें लक्ष्य नेमून दिलें कीं माप, चित्रसंख्या व आवाज हीं तें आपण होऊन नियमांत बसवितें. ‘डीव्हीडीस्टायलर’ हें दुसरें विनामूल्य साधन तबकडीची रचना करून देतें. व्हिडिओची फाईल नुसती तबकडीवर टाकणें म्हणजे डीव्हीडी करणें नव्हे. ‘व्हिडिओ टीएस’ नांवाच्या कप्प्यांत ठरलेल्या क्रमानें फायली असाव्या लागतात. कोरण्याचें काम सर्वाधिक वेगानें करूं नये, आणि शेवटीं तबकडी ‘फायनलाइज’ करण्यास विसरूं नये. कांहीं प्लेअर डिव्हएक्स अथवा एक्सव्हिड या प्रकारच्या फायलीहि वाचतात. परंतु त्या करतांना ‘क्वार्टर पिक्सेल’ व ‘जीएमसी’ या दोन सोयी बंद ठेवाव्या, कारण बहुतेक प्लेअरांना त्या पेलत नाहींत.

परदेशीं तबकडी पाठविणारांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. अमेरिकेंत ‘एनटीएससी’ पद्धति होती. तिच्यांत ४८० ओळी व सेकंदास सुमारे ३० चित्रें असतात. तिकडचे पुष्कळ प्लेअर पालची तबकडी नाकारतात. आपल्याकडचे प्लेअर मात्र बहुधा दोन्ही वाचतात. म्हणून अमेरिकेंतून अंबाजोगाईस येणारी तबकडी एक वेळ चालून जाईल. अंबाजोगाईहून तिकडे जाणारी मुद्दाम तिकडच्या पद्धतीची करावी लागेल.

मूळ प्रत जपावी

हें भाषांतर एकतर्फी आहे. आंखडतांना जें टाकलें तें पुन्हां मिळत नाहीं. आणि आंखडलेल्या प्रतीवरून पुन्हां आंखडली तर प्रत्येक वेळीं चित्र उतरत जातें. यासाठीं कॅमेऱ्यांतील मूळ फाईल स्वतंत्र हार्ड डिस्कवर, आणि तिची आणखी एक प्रत दुसऱ्या घरीं ठेवावी. तबकडी ही आजीला दाखविण्यासाठीं. मूळ फाईल ही पणतवंडांसाठीं. ज्या जुन्या तबकड्या घरांत आधींच पडून आहेत त्यांची गोष्ट अधिक निकडीची आहे. घरीं कोरलेल्या तबकडीवरील नोंद रंगद्रव्याच्या थरांत असते. ऊन व उष्णता यांनीं तो थर खराब होतो, आणि मराठवाड्याचा उन्हाळा तर सर्वांस ठाऊक आहे. त्या तबकड्यांवर कांहीं घरांतून आतां हयात नसलेल्या माणसांचे आवाज आहेत. त्यांतील फायली रूप न बदलतां जशाच्या तशा कॉम्प्युटरवर उतरवून घ्याव्या. त्यांत गुणाची कांहींच हानि होत नाहीं.

अंबाजोगाईस मुकुंदराजांची समाधि दाखवितात. परंपरेनें शके १११० मध्यें रचलेला मानलेला त्यांचा विवेकसिंधु वेदान्ताचा विषय मराठींत सांगतो. विषय उतरवावयाचा तो ऐकणाराच्या भाषेंत, ही दृष्टि त्यामागें आहे. त्याच गांवच्या दासोपंतांनीं पंचीकरणाचा विषय कागद सोडून एका लांबलचक पासोडीवर लिहिला, आणि सुमारे चारशें वर्षें ती तेथें जपली गेली. समजेल अशा रूपांत देणें आणि टिकेल अशा रीतीनें ठेवणें, हीं दोन्ही कामें निराळीं आहेत व दोन्ही आपणांसच करावयाचीं आहेत. तेव्हां पुढचा समारंभ झाल्यावर, घरीं कोणतें यंत्र आहे हें आजींना आधीं विचारावें, पांच मिनिटांचा नमुना त्या यंत्रावर लावून पाहावा, आणि मगच सगळी तबकडी कोरावी. मूळ फाईलहि त्याच दिवशीं दोन ठिकाणीं ठेवावी, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.