गाडी गेली असणार!

न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या मेट्रोपार्क स्टेशनावर न्यूयॉर्कच्या गाडीची वाट पाहताना मराठीही कानावर पडते. 1971 मध्ये सुरू झालेलं हे स्टेशन आणि जवळच ओक ट्री रोडवर एडिसनपर्यंत पसरलेली भारतीय दुकानं, या टापूतली आपली मंडळी वर्षानुवर्षं इंग्रजीतच नोकरी करतात. तरी कॅन, कुड, मस्ट ही सहायक क्रियापदं भूतकाळात न्यायची वेळ आली की भले भले अडखळतात.

सगळ्यात जास्त फसवतं ते ‘कुड’. धावतपळत गाडी मिळाली, हे ऑफिसात सांगताना आपण म्हणतो, ‘आय कुड कॅच द ट्रेन.’ मनात असतं ‘मला गाडी पकडता आली’. समोरचा अमेरिकी माणूस मात्र ‘ठरवलं तर मी गाडी पकडू शकेन’ असं काहीसं ऐकतो आणि पुढच्या वाक्याची वाट बघतो. एकदाच घडलेल्या, साधलेल्या गोष्टीला ‘वॉज एबल टू’ लागतं, किंवा सरळ ‘आय कॉट द ट्रेन’. ‘लहानपणी मला पोहता यायचं’ अशा अंगच्या कसबाला मात्र ‘कुड’च हवं. आणि नकार आला की हा नियमच गळून पडतो! गाडी चुकली तर ‘आय कुडन्ट कॅच द ट्रेन’ अगदी बिनचूक. शाळेत आम्हाला ‘कॅनचा भूतकाळ कुड’ एवढंच घोकायला लावलं होतं. अर्धी गोची तिथलीच.

‘मस्ट’चं दुखणं जुनं आहे. हे रूप जुन्या इंग्रजीत मुळात भूतकाळाचं. ते वर्तमानात येऊन बसलं आणि त्याला स्वतःचा भूतकाळच उरला नाही. म्हणून ‘मला थांबावं लागलं’ म्हणायला ‘हॅड टू’ उसनं घ्यावं लागतं. तिथे ‘आय मस्ट हॅव वेटेड’ म्हणालात, तर ‘मी थांबलो असणार, नीट आठवत नाही’ असा भलताच अर्थ होतो.

अंदाज बांधणं आपल्याला खरं तर सोपं जावं. फलाट ओस दिसला की ‘गाडी गेली असणार’, म्हणजे ‘मस्ट हॅव लेफ्ट’. खात्री कमी असेल तर ‘गेली असेल’, म्हणजे ‘माइट हॅव लेफ्ट’. ‘तो आत्ता घरी असणार’ यातला अंदाज चालू घडीचा, तिथे नुसतं ‘मस्ट बी’. आणि ‘फोन करायला हवा होता’ म्हणजे ‘शुड हॅव कॉल्ड’. फोन झालेला नाही, हे त्यातच आलं.

‘त्याला ऐकू आलं नसणार’ यासाठी ब्रिटिश वळणाची पुस्तकं ‘कान्ट हॅव हर्ड’ शिकवतात. अमेरिकेत ‘मस्ट नॉट हॅव हर्ड’ सर्रास चालतं. आयसेलिनमध्ये ते कानावर आलं, तर बोलणाऱ्याची चूक काढायला जाऊ नका.