सेल्फ फिरतो, इंजिन चालू होत नाही

ओहायोत एप्रिलअखेर गवत भराभर वाढू लागतं आणि शेजारपाजारच्या शेडांमधून एकच आवाज येतो. घुर्र, घुर्र, घुर्र, आणि मग शांतता. बसून गवत कापायचा रायडिंग मोवर ऑक्टोबरपासून जागचा हललेला नसतो. किल्ली फिरवली की सेल्फ इंजिन फिरवतो, पण इंजिन पेट घेत नाही. मग लोक वैतागून नवी बॅटरी आणतात, नवा कार्बोरेटर मागवतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, काहीही विकत आणण्याआधी त्या आवाजाचा अर्थ लावा.

इंजिन जोमानं फिरतंय म्हणजे बॅटरी आणि सेल्फ शाबूत आहेत. ब्रेक आणि पात्याच्या क्लचचे सुरक्षा-स्विचही बहुधा ठीक आहेत. ब्रेक दाबला नसेल किंवा पातं जोडलेलं असेल, तर सेल्फ फिरतच नाही. उरल्या तीन गोष्टी: पेट्रोल, ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. यातलं काय कमी पडतंय, ते प्लगला विचारायचं.

उमेदीच्या वयात बजाजची स्कूटर चालवलेल्यांना हे शिकवायला नको. रस्त्याकडेला स्कूटर लावून प्लगपाना काढायचा, प्लग खोलून पुसायचा, ही सवय इथे कामाला येते. चोक ओढून पाच-सहा सेकंद सेल्फ मारा आणि लगेच प्लग काढून पाहा. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये. ओला असेल तर ठिणगी पडत नाहीये, नाहीतर इंजिन ओव्हरफ्लो झालंय.

हिवाळ्यानंतर प्लग बहुतेक वेळा कोरडाच निघतो. अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं आणि ते हवेतली ओल शोषतं. भारतात आता २० टक्क्यांचं मिश्रण मिळतं, त्यामुळे कोकणातल्या बागेत ब्रशकटर वापरणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. महिनाभर पडून राहिलेलं पेट्रोल शिळं व्हायला लागतं. कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि जेटचं सुईएवढं छिद्र त्यानं बुजतं. म्हणून आधी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरा, तेही उघड्यावर आणि इंजिन गार असताना. फिल्टर आणि रबरी नळ्या पाहून घ्या. कार्बोरेटरच्या वाटीखाली बऱ्याच इंजिनांना पेट्रोल अडवणारा छोटा सॉलेनॉइड असतो. किल्ली चालूवर नेताच त्यातून ‘टक्’ आवाज यायला हवा. तो आला नाही तर जेट कितीही साफ करा, पेट्रोल पुढे सरकणार नाही.

माझी आवडती परीक्षा अगदी साधी आहे. एअर फिल्टर काढून कार्बोरेटरच्या तोंडात कार्ब क्लीनरचा छोटा फवारा मारा, तोंड बाजूला ठेवून सेल्फ मारा. इंजिन दोन सेकंद चालून बंद पडलं, तर ठिणगी आणि दाब दोन्ही आहेत. आता फक्त कार्बोरेटर उघडायचा. जेट साफ करायला तांब्याच्या तारेचा एक पातळ धागा घ्या. पोलादी सुईनं पितळेचं छिद्र मोठं होतं आणि ते परत लहान करता येत नाही.

ओल्या प्लगची गोष्ट वेगळी. अशा बहुतेक इंजिनांत ठिणगीशी बॅटरीचा संबंध नसतो. फ्लायव्हीलमधलं चुंबक कॉइलजवळून जातं आणि त्यातून ठिणगी तयार होते. किल्ली बंद करतो तेव्हा आपण त्या कॉइलची एक बारीक वायर बॉडीला टेकवतो, एवढंच. हिवाळ्यात उंदरांनी ती वायर कुरतडली आणि तांबं बॉडीला टेकलं, तर इंजिनाच्या लेखी किल्ली कायमची बंद. ती वायर कॉइलपासून सोडवून स्पार्क टेस्टर लावा. ठिणगी दिसली तर कॉइल निर्दोष आहे. दोष वायरिंगमध्ये, नाहीतर सीटखालच्या स्विचमध्ये शोधा. वायर सुटी ठेवून मोवर मात्र चालवू नका, कारण तो किल्लीनं बंद होणार नाही आणि चालक सीटवरून पडला तरी थांबणार नाही. उघडा प्लग हातात धरून ठिणगी बघण्याचा स्कूटरवेळचा प्रकारही टाळा, बाजूच्या छिद्रातून पेट्रोलची वाफ येत असते. प्लग परत बसवताना गॅप तपासा. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या बहुतेक इंजिनांना ०.०३० इंच, म्हणजे ०.७६ मिलिमीटर गॅप लागतो.

पेट्रोल आहे, ठिणगीही आहे आणि तरी इंजिन गप्प असेल, तर व्हॉल्व्हचा गॅप आणि दाब मोजायला मेकॅनिककडे न्या.

शेवटचा सेल्फ मारण्याआधी ऑइलची डिपस्टिक काढून हुंगा. कार्बोरेटरची फ्लोट-सुई अडकली असेल तर टाकीतलं पेट्रोल झिरपत थेट ऑइलमध्ये उतरतं. पातळी वर चढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर सुई दुरुस्त करून ऑइल बदलेपर्यंत किल्लीला हात लावू नका.