रुग्णालयीन सांडपाणी : संस्करण पद्धतीची निवड

रुग्णालयातील कक्ष, शस्त्रक्रियागृह, प्रयोगशाळा, धुलाईघर, स्वयंपाकघर व शौचालये यांतून बाहेर पडणाऱ्या वापरलेल्या पाण्यास रुग्णालयीन सांडपाणी म्हणतात. घरगुती सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थांखेरीज त्यात रोगजंतू, प्रतिजैविके, जंतुनाशके व प्रयोगशाळेतील रसायने असतात. भारतीय मानकानुसार १०० पर्यंत खाटांच्या रुग्णालयास दर खाटेमागे दररोज ३४० लि. व त्याहून मोठ्या रुग्णालयास ४५० लि. पाणी लागते, असे धरतात. त्याचा सु. ८०% भाग सांडपाण्याच्या रूपात बाहेर पडतो. म्हणजे ३० खाटांच्या रुग्णालयातून सु. ८,००० लि., तर ५०० खाटांच्या रुग्णालयातून सु. १,८०,००० लि. सांडपाणी दररोज निघते.

खानदेशात या पाण्याच्या विल्हेवाटीस निसर्गाचे साहाय्य थोडे मिळते. धुळ्याची पांझरा व जळगावजवळची गिरणा या तापीच्या उपनद्या असून पावसाळ्यानंतर त्यांचा प्रवाह क्षीण होतो. त्यामुळे सोडलेले सांडपाणी पुरेसे विरळ होत नाही. तापीखोऱ्यातील काळ्या चिकण जमिनीत पाणी सावकाश मुरते, त्यामुळे शोषखड्डे तुंबतात. भेगाळ बेसाल्ट खडकात मात्र ते न गाळले जाता विहिरींपर्यंत पोहोचू शकते. म्हणून केवळ पूतिकुंड (सेप्टिक टाकी) व शोषखड्डा यांवर विसंबणे धोक्याचे ठरते.

संस्करणाचा आरंभ उगमापाशीच होतो. जीववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ अनुसार द्रव कचरा इतर सांडपाण्यात मिसळण्यापूर्वी वेगळा करून त्यावर प्रक्रिया करावी लागते. प्रयोगशाळेतील संसर्गजन्य द्रव लहान पात्रातच निर्जंतुक करतात. तीव्र जंतुनाशक सरळ गटारात ओतल्यास पुढील टाकीतील उपयुक्त सूक्ष्मजंतूही मरतात व संस्करण बंद पडते.

त्यानंतर जाळी, समकारी टाकी, जैव संस्करण, निवळण व क्लोरिनीकरण असा सामान्य क्रम असतो. क्लोरीन शेवटी देतात. कारण अशुद्ध पाण्यातील सेंद्रिय पदार्थ व अमोनिया यांत तो खर्ची पडतो. सोडियम हायपोक्लोराइट उष्णतेने लवकर निकामी होत असल्याने खानदेशच्या उन्हाळ्यात त्याचा साठा सावलीत व थोडाच ठेवावा लागतो.

जैव संस्करणाची पद्धत जागा, वीज व कुशल मनुष्यबळ पाहून ठरवतात. सक्रियित गाळ पद्धत व फिरत्या माध्यमाची पद्धत यांना जागा कमी लागते. मात्र हवा अखंड पुरवावी लागते. उष्ण हवामानात सूक्ष्मजंतूंची क्रिया वेगाने होते, पण पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २०° से.ला लिटरमध्ये सु. ९ मिग्रॅ. विरघळणारा ऑक्सिजन ४०° से.ला सु. ६.४ मिग्रॅ.च विरघळतो. त्यातच वीज खंडित झाली, तर ऑक्सिजीवी सूक्ष्मजंतू गुदमरतात. पटल-गाळणीची पद्धत अधिक शुद्ध पाणी देते. तथापि तिचा खर्च व देखभाल मोठ्या रुग्णालयासच पेलते. मोकळी जागा असलेल्या ग्रामीण रुग्णालयास पूतिकुंड, अनॉक्सिजीवी गाळणी व वनस्पतींचे वाफे ही अल्प विजेची जोडणी सोयीची असते. शेवटी निर्जंतुकीकरण मात्र तिलाही आवश्यकच असते.

अंतिम संस्करण केंद्र असलेल्या सार्वजनिक गटाराशी न जोडलेल्या रुग्णालयाच्या संस्कारित पाण्यात जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी लिटरला ३० मिग्रॅ. व निलंबित घन पदार्थ १०० मिग्रॅ. यांहून अधिक असता कामा नयेत. तसेच त्यात सोडलेले ९०% मासे ९६ तासांनंतर जिवंत राहिले पाहिजेत. उरलेला गाळ भस्मीकरणासाठी किंवा घातक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवतात. तो खत म्हणून शेतात टाकू नये. यंत्रणा कितीही प्रगत असली, तरी ती रोज चालविणे रुग्णालयाच्या आवाक्यात नसेल, तर साधी परंतु अखंड चालणारी पद्धत अधिक सुरक्षित ठरते.