अन्नपूर्णेची उलटी प्रदक्षिणा

हिमालयातून परत आल्यावर आम्ही मुक्तिनाथाचा प्रसाद घेऊन शेजारच्या घरी गेलो, तेव्हा तेथील आजींनी पहिलाच प्रश्न केला तो असा : "प्रदक्षिणा केली म्हणता, मग डोंगर उजव्या हाताला ठेवला होता ना?" खरे तेच सांगणे भाग होते. अन्नपूर्णा सर्व वेळ आमच्या डाव्या हाताला होती. आजींना हे मुळीच रुचले नाही. सातपुड्यापलीकडे नर्मदेची परिक्रमा करणारे लोक नदी उजव्या हाताला ठेवतात आणि ती ओलांडीत नाहीत, हे आपल्या खानदेशात पोरासोरांसही ठाऊक आहे. मग आम्ही शिकलेसवरलेले लोक उलटे का फिरलो? त्यांना उत्तर देता देता आमच्या ध्यानात आले की, या साऱ्या प्रवासाचे मर्म त्या उत्तरातच आहे. येथे जे मांडावयाचे ते बहुतांशी आजींना दिलेले ते उत्तरच होय.

प्रथम थोडा भूगोल. अन्नपूर्णा हे केवळ एका शिखराचे नाव नव्हे. नेपाळात पोखरा शहराच्या उत्तरेस पसरलेली ती एक मोठी गिरिमाला आहे. तिचे मुख्य शिखर ८,०९१ मीटर उंच असून उंचीच्या क्रमाने ते जगात दहावे लागते. या गिरिमालेला पूर्वेकडून व उत्तरेकडून मर्स्यांगदी नदीने वेढले आहे, तर पश्चिमेकडून काली गंडकीने. एका नदीच्या काठाने चढत जावे, डोंगराच्या मागील बाजूस एक खिंड ओलांडावी आणि दुसऱ्या नदीच्या काठाने उतरावे, की फेरी पुरी झाली. ही खिंड म्हणजे थोरांग ला. 'ला' या तिबेटी शब्दाचा अर्थच खिंड. तिची उंची ५,४१६ मीटर आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. म्हणजे तीन कळसूबाया एकावर एक रचल्या तरी या खिंडीपर्यंत हात पोहोचत नाही.

अन्नपूर्णेच्या माथ्यावर मानवाचे पाऊल प्रथम पडले ते ३ जून १९५० रोजी. मॉरिस एरझोग व लुई लाशनाल या दोन फ्रेंच गिर्यारोहकांनी तो पराक्रम केला. आठ हजार मीटरांवरील कोणत्याही शिखरावरचा तो पहिलाच यशस्वी चढाव होता. पण परतताना हिमदंशाने दोघांनाही आपल्या पायांची बोटे गमवावी लागली, आणि एरझोगला हातांचीही. पुढे १६ एप्रिल २०२१ रोजी साताऱ्याच्या प्रियांका मोहिते या शिखरावर पोहोचल्या. तेथे पाऊल ठेवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. परंतु हा मार्ग वेगळा आणि आमचा वेगळा. आम्हांला शिखर गाठावयाचे नव्हते; त्याच्याभोवती फिरून यावयाचे होते. त्यासाठी दोर लागत नाही की कुऱ्हाड लागत नाही. लागतात ते दोन धडधाकट पाय आणि सुमारे तीन आठवडे. हे तीन आठवडे कशासाठी लागतात, हेच पुष्कळांना समजत नाही. आम्हांलाही प्रारंभी ते समजले नव्हते.

आम्ही सात जण ऑक्टोबर महिन्यात भुसावळला गाडीत बसलो, गोरखपूरला उतरलो आणि सोनौलीच्या सीमेवरून नेपाळात गेलो. भारतीयांस तेथे प्रवेशपत्राची गरज पडत नाही. ओळखीचा सरकारी कागद पुरतो. आमच्यात सर्वांत वडील होते ते साठी ओलांडलेले एक निवृत्त गुरुजी. वाटाड्या गुरुंग जातीचा, चाळिशीचा, मितभाषी गृहस्थ होता. वडीलभावाला नेपाळीत 'दाइ' म्हणतात. आम्हीही त्याला दाइ म्हणू लागलो. मराठी कानाला हा शब्द प्रथम विचित्र लागला, पण पुढे त्याने जी शुश्रूषा केली ती पाहता दोन्ही भाषांतले अर्थ त्याला शोभले.

बेंसीसहर हे गाव सुमारे ७६० मीटर उंचीवर आहे. तेथपासून भाताची खाचरे, मग मक्याची शेते, मग देवदार-चिडाची अरण्ये अशी एकामागून एक सृष्टी बदलत जाते. चामे, पिसांग ही गावे मागे टाकीत आठव्या दिवशी आम्ही मनांगला पोहोचलो. उंची सुमारे ३,५४० मीटर. दाइचा एकच घोष चाले : "बिस्तारै, बिस्तारै", म्हणजे हळूहळू. गुरुजी म्हणाले, "ही तर आपल्या जुन्या पाचोरा–जामनेर गाडीची चाल!" आमच्यातील तरुणांना ही चाल असह्य होई. दिवसाउजेडी चार तास शिल्लक असताना मुक्काम कशाला, असे ते कुरकुरत.

याचे कारण हवेत आहे. उंचावर हवेतील प्राणवायू कमी होतो असे आपण म्हणतो, ते तंतोतंत खरे नाही. त्याचे प्रमाण जामनेरातही शेकडा २१ आणि थोरांग खिंडीतही शेकडा २१ च असते. कमी होतो तो हवेचा दाब. जिनिंगच्या आवारातील कापसाचा ढीग आठवा. तळाचा कापूस वरच्या भाराने दबून घट्ट झालेला असतो आणि माथ्याचा मोकळा, भुसभुशीत असतो. दोन्हींकडे मूठ भरली तर तळाशी कापूस अधिक हाती लागेल. हवेचेही तसेच आहे. आपण तळाशी राहणारी माणसे. साडेपाच हजार मीटरांच्या सुमारास दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो. म्हणजे एका श्वासात प्राणवायूही निम्माच मिळतो.

शरीर या तुटीची तजवीज करू शकते, पण त्याला मुदत द्यावी लागते. श्वास जलद होतो, नाडी वाढते, आणि दिवस जातील तसे रक्तातील तांबड्या पेशी वाढतात. ही मुदत न देता जो वर चढतो त्याचे डोके दुखू लागते, अन्नावरची वासना उडते, मळमळते, झोप लागत नाही. एवढ्यावर थांबले व विसावा घेतला तर बहुधा उतार पडतो. न थांबल्यास फुप्फुसात पाणी साठते किंवा मेंदूला सूज येते, आणि मग प्रकरण तासांवर येते. म्हणून वैद्यकाचा नियम असा आहे की, तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर आजच्या मुक्कामाची उंची कालच्यापेक्षा पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस विसावा घ्यावा. दिवसा उंच जाऊन यावे, पण निजावे खाली.

आजींच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. पूर्वेकडून, मर्स्यांगदीच्या काठाने चढले तर मनांग, याक खर्क, थोरांग फेदी असे मुक्काम पायरीपायरीने मिळत जातात. पश्चिमेकडून, म्हणजे डोंगर उजव्या हाताला ठेवून गेले, तर मुक्तिनाथाहून खिंडीपर्यंत एका दिवसात सोळाशे मीटरांहून अधिक चढावे लागते. मध्ये मुक्कामाची सोय तुटपुंजी. म्हणून बहुतेक सारे उलट्या दिशेने फिरतात. गंमत अशी की, वाटेत मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंती लागत, तेथे दाइ आम्हांला भिंत उजव्या हाताला ठेवावयास लावी. लहान प्रदक्षिणा शास्त्राप्रमाणे, आणि मोठी मात्र शरीराप्रमाणे!

मनांगला आम्ही तीन रात्री राहिलो. तेथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशन या संस्थेचे दवाखाना-केंद्र असून हंगामात तेथील डॉक्टर रोज दुपारी उंचीच्या विकारावर व्याख्यान देतात. जामनेरची माणसे व्याख्यान कसे चुकवतील? आम्ही सातही जण गेलो. गुरुजी पहिल्या रांगेत वही उघडून बसले. लक्षणे, नियम, उपाय, सारे त्यांनी सुवाच्य अक्षरात उतरून घेतले आणि रात्री आमची उजळणीही घेतली.

आणि याच गुरुजींचे डोके याक खर्कला दुखू लागले, तेव्हा ते कोणाला बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फेदीला त्यांनी जेवण टाळले. म्हणाले, एकादशी आहे. रात्री दोनच्या सुमारास त्यांना वांती झाली. दाइ विजेरी घेऊन आला. त्याने जमिनीवर काठीने एक रेघ ओढली आणि तिच्यावरून टाचेला बोट लावीत चालावयास सांगितले. चौथ्या पावलाला गुरुजी झोकांडले. हे मेंदूच्या सुजेचे लक्षण असू शकते. दाइने घड्याळ पाहिले आणि सांगितले की, हे आत्ता खाली जातील.

येथे आम्हांला आमचीच चूक कबूल केली पाहिजे. खिंड केवळ एका दिवसावर होती. आमच्यातील एकाने सुचवले की, गोळी द्यावी, उजाडेपर्यंत थांबावे, वाटल्यास घोड्यावर बसवावे. आम्ही बाकीच्यांनीही मान हलवली. दाइने वाद घातला नाही. खिंड कोठे जात नाही, एवढेच तो म्हणाला, आणि गुरुजींच्या खांद्यावर घोंगडी टाकून एका भरियाबरोबर, म्हणजे ओझेवाल्याबरोबर, त्यांना अंधारातच खाली धाडले. पहाटे याक खर्कला पोहोचले तेव्हा त्यांना चहा पचला. मनांगला पोहोचेतो डोके उतरले होते. चारशे मीटरांचा उतार हेच त्यांचे औषध ठरले. पुढे ते जीपने खाली आले आणि पोखऱ्याला आमची वाट पाहत राहिले. का लपवले असे विचारता म्हणाले, "माझ्यापायी तुम्हां सर्वांचा खोळंबा होऊ नये, म्हणून." भीड ही भिकेची बहीण असे आपण म्हणतो, त्या उंचीवर ती याहून भयंकर कोणाची तरी बहीण आहे.

दुसऱ्या पहाटे चारला निघून आम्ही साडेनऊला खिंडीत पोहोचलो. पताका, एक चहाचे दुकान, आणि घशाला कोरड पाडणारा वारा. पण त्या जागी १४ ऑक्टोबर २०१४ रोजी काय घडले ते सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. दोनच दिवसांपूर्वी, १२ तारखेस, बंगालच्या उपसागरातील 'हुदहुद' हे चक्रीवादळ विशाखापट्टणच्या किनाऱ्यावर आदळले होते. त्याचा उरलेला मेघसमूह उत्तरेकडे सरकत हिमालयावर गेला, आणि हंगामाच्या ऐन भरात खिंडीवर हिमवादळ कोसळले. त्या परिसरात चाळीसहून अधिक माणसे दगावली. परदेशी पाहुणे, वाटाडे, ओझेवाले, स्थानिक, सारेच. वाट दिसेनाशी झाली असता पुष्कळ जण खाली उतरण्याच्या धडपडीत सापडले. समुद्रावरचे वादळ दोन दिवसांत हिमालय गाठते, ही गोष्ट तेव्हापासून तेथील प्रत्येक वाटाड्या जाणून आहे. २०२३ साली नेपाळच्या पर्यटन मंडळाने परदेशी पदयात्रींना परवानाधारक वाटाड्या बंधनकारक केल्याचे जाहीर केले. वाटाड्या रस्ता दाखविण्यासाठी असतो असे आम्ही समजत होतो. रस्ता तर सर्वांना दिसतो. केव्हा परतावे हे दाखविण्यासाठी तो लागतो.

खिंडीपलीकडे सृष्टी पुन्हा पालटते. डोंगराच्या दक्षिणेस लुमले येथे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर मागील बाजूच्या जोमसोमला तीनशेही नाही. सह्याद्रीच्या आडोशामुळे देशावर जे घडते, तेच येथे मोठ्या प्रमाणावर. त्या उजाड प्रदेशात मुक्तिनाथाच्या एकशे आठ धारा वाहतात, आणि खाली काली गंडकीच्या पात्रात शाळिग्राम सापडतात. आपल्या देवघरातील शाळिग्रामही याच नदीतला. त्यावरील चक्र म्हणजे सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या एका शंखधारी प्राण्याचा अश्मीभूत ठसा होय. भारतभूमी उत्तरेकडे सरकून आशियाला भिडली, मधला समुद्र मिटला आणि त्याचा तळ आभाळात चढला. आपल्या अजिंठ्याचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. म्हणजे हिमालय त्याहून धाकटा, पण देवघरातला तो लहानसा गोटा दोघांहूनही वडील.

आता दोन्ही बाजूंनी मोटाररस्ते झाले आहेत. जीप मनांगपर्यंत जाते, पलीकडे मुक्तिनाथापर्यंत येते, आणि तीन आठवड्यांची वाट एका आठवड्यात उरकण्याचा मोह वाढला आहे. रस्त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. गुरुजींना त्यानेच आणले. पण जीपने वाचवलेले दिवस शरीराच्या खात्यातून वजा होतात, हे जाणाऱ्याने विसरू नये. ज्यांना जावयाचे असेल त्यांनी आधी डॉक्टरांकडून हृदय व रक्तदाब तपासून घ्यावा, विसाव्याचे दोन-तीन दिवस हाती जादा ठेवावे, आणि डोके दुखले तर तोंड उघडावे.

हे सारे आजींनी शांतपणे ऐकून घेतले. मग त्यांनी विचारले, "गुरुजी कोठून परतले?" फेदीहून, गेले त्याच वाटेने परतले, असे आम्ही सांगितले. आजी म्हणाल्या, "महादेवाची प्रदक्षिणा तशीच असते. पन्हळीपर्यंत जायचे, ती ओलांडायची नाही, आल्या वाटेने मागे यायचे. तुम्हां सर्वांत खरी प्रदक्षिणा केली ती त्यांनीच." गुरुजींना हे कळवले, तेव्हा त्यांनी ती वही काढली आणि व्याख्यानाच्या टिपणाखाली आजींचे वाक्य तारखेसह लिहून ठेवले.