विकतचा वाद्यवृंद आणि आपली चाल

सिंफनी वाद्यवृंदाचा नाद मराठी श्रोत्यांच्या घराघरांत पोचला तो २०१६ साली, ‘सैराट’मुळे. अजय-अतुल यांनी त्यातल्या वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रण लॉस एंजेलिस परिसरातल्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर प्रत्यक्ष वादकांकडून करून घेतले. तेव्हापासून हलगीच्या जोडीला व्हायोलिनचा ताफा प्रत्येक होतकरू संगीतकाराला हवासा वाटू लागला. तिथवर जाण्याची ऐपत फार थोड्यांची. बाकीचे सॅम्पल लायब्ररीकडे वळतात.

मी त्या बाकीच्यांपैकी. घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीत राहून एकांकिका आणि लघुपटांना संगीत देतो. २००६ साली स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया मुंबईत, इथून चारशेहून अधिक किलोमीटरवर. त्यामुळे लायब्ररी निवडणे मला चुकलेले नाही. ही निवड बहुतेक जण किंमत आणि आकार पाहून करतात. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा आहे: आपल्या चालीतले काय ही लायब्ररी वाजवू शकणार नाही?

त्यासाठी आधी ही वस्तू समजून घेऊ. सॅम्पल लायब्ररी म्हणजे खऱ्या वादकांनी वाजवलेल्या एकेका सुराच्या ध्वनिमुद्रणांचा साठा. पेटीसारख्या कळफलकावर पट्टी दाबली की त्यातला योग्य तुकडा वाजतो. व्हायोलिनच्या ताफ्याचे ४४ सूर धरा. प्रत्येक सूर हळू ते जोरकस अशा ४ पातळ्यांवर, तोच तुकडा लागोपाठ ऐकू येऊन यांत्रिक वाटू नये म्हणून ३-३ वेळा, आणि लांब गज, तुटक गज, बोटाने छेडणे अशा १० वादनप्रकारांत. हिशेब ५,२८० ध्वनिमुद्रणांवर जातो. पाच जागी मायक्रोफोन ठेवले तर २६,४०० फायली होतात. स्वस्त संग्रहात यातलेच काही गाळतात. एक सूर मुद्रित करून शेजारचे दोन-तीन त्याच्यावरून ताणून काढतात, किंवा जोराच्या पातळ्या कमी ठेवतात. मग कळ जोरात दाबली की आवाज मोठा होतो, पण गजाचा जोर काही त्यात उतरत नाही.

दुसरी गोष्ट खोलीची. व्हिएन्ना सिंफॉनिक लायब्ररीने आपले मूळ संग्रह ‘सायलेंट स्टेज’ या जवळजवळ निनादरहित जागेत मुद्रित केले. स्पिटफायर ऑडिओचे अनेक संग्रह लंडनच्या एअर स्टुडिओतले. तो जुन्या चर्चमध्ये आहे आणि त्या वास्तूचा घुमारा प्रत्येक सुराला चिकटून येतो. बर्लिनच्या टेलडेक्स स्टुडिओतले ऑर्केस्ट्रल टूल्सचे संग्रह आणखी निराळे. ऐकताना घुमारा सुखावतो. पण घरच्या खोलीत मुद्रित केलेली हलगी किंवा संबळ त्या चर्चमध्ये नेऊन बसवणे अवघड जाते. ज्याला लोकवाद्ये सोबत घ्यायची आहेत, त्याने कोरडा संग्रह घ्यावा आणि सगळ्यांवर एकच निनाद आपल्या हाताने चढवावा. किंवा ज्यात जवळच्या मायक्रोफोनची फाईल वेगळी मिळते असा निवडावा.

आकाराविषयी थोडक्यात. स्पिटफायरने २०१९ साली बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचा संग्रह काढला, लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत मुद्रित केलेला. त्याच्या तीन आवृत्त्या आहेत: ‘डिस्कव्हर’ काही शे एमबीची, ‘कोअर’ वीस-पंचवीस जीबीची आणि ‘प्रोफेशनल’ पाचशे जीबीच्या वरची. साध्या लॅपटॉपवर पहिलीच नीट चालते, आणि वाद्यवृंदाची मांडणी शिकायला ती पुरते. काही संग्रह ‘कॉन्टॅक्ट’ या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत चालतात, तर काहींना त्याची विकतची आवृत्तीच लागते. पैसे भरण्याआधी हे तपासावे.

आता मुख्य अडचण मींडेची. चांगल्या लायब्ररीत एका सुरावरून दुसऱ्यावर जातानाचा सांधा स्वतंत्र मुद्रित केलेला असतो. तो पाश्चात्त्य वळणाचा, जलद. आपल्या चालीत सा ते ग हा प्रवास सावकाश होतो आणि वाटेतले रेंगाळणे हाच चालीचा जीव असतो. कळफलकाच्या पिच बेंड चाकाने सूर ओढता येतो, पण लाकडी पेटाऱ्याचा नादही त्याबरोबर ओढला जातो. खऱ्या व्हायोलिनमध्ये सूर सरकतो, पेटारा तसाच राहतो. म्हणून एखाद्या स्वराच्या पलीकडे ओढले की वाद्यच लहानमोठे होत असल्यासारखे वाटते. दरबारीतला आंदोलित गंधार तर बारा समान भागांच्या त्या पट्टीत बसतच नाही.

इथेच धोका आहे. मींड नीट वाजत नाही म्हणून संगीतकार नकळत सुटे, सरळ सूर लिहू लागतो. तुटक गज दणकेबाज वाजतो म्हणून प्रत्येक प्रसंगाखाली तोच घालतो. चाल संग्रहाच्या मापाने बेतली जाते, आणि जालन्यातला लघुपट कुठल्याही देशातल्या जाहिरातीसारखा वाजतो.

हा पेच मुंबईच्या चित्रसंगीतात पूर्वी माणसांनी सोडवला होता. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या संगीतसंयोजकांनी आपल्या चालींभोवती पाश्चात्त्य पद्धतीचे स्वरलेखन रचले. गोन्साल्विस यांनी १९५८ मध्ये इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून रागसंगीत वाद्यवृंदासाठी मांडले; लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. कागदावर न मावणारे वादकांची बोटे पुरवीत. पुढे सिंथेसायझर आला आणि त्या वादकांपैकी अनेकांचे काम गेले. सॅम्पल लायब्ररी त्याच वाटेवरची आहे, हे तिच्या गिऱ्हाइकाने विसरू नये.

म्हणून माझी रीत अशी. विक्रेत्याचे नमुना-संगीत ऐकून ठरवायचे नाही. ते त्या संग्रहाच्या बलस्थानांवरच रचलेले असते. आपलीच आठ मात्रांची एक चाल घ्यायची, मींडेसकट. ती हळू, जोरात आणि हळूवरून जोरात नेत वाजवून पाहायची. मग तिच्याखाली घरी मुद्रित केलेली हलगी ठेवायची. लायब्ररीकडून मागायचा तो आधार: लांब धरलेले सूर, खर्ज, पितळी वाद्यांची भर. मुख्य चाल मात्र एका तरी खऱ्या वादकाला द्यायची, मग तो व्हायोलिनवाला असो की गावातला सनईवाला. पाचशे जीबीच्या संग्रहाला लागणाऱ्या पैशांतला थोडा भाग त्याच्या मानधनासाठी बाजूला काढला, तर छोटा संग्रहही पुरतो आणि चाल आपली राहते.